पालयेच्या सड्यावरची लाकडी खोली: कोपऱ्यांच्या नोंदी

२१ ऑक्टोबर २०२४

इथे गोव्यात पेडण्याची पुनव झाली, पाऊसही बराचसा आवरला. आज चुना टाकून आखणी केली. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला काजूची झाडं, मधल्या सपाटीवर ३.६ बाय ४.८ मीटरची एक खोली. मालकांचे वडील गावात मास्तर होते. आता त्यांना पेटी वाजवायला आणि भजनी मंडळींना बसायला स्वतंत्र जागा हवी आहे. मालकांना सगळे भाई म्हणतात, म्हणून मीही.

चिऱ्याचंच का बांधत नाही, असं गावातल्या प्रत्येकाने विचारून झालं. कारण साधं आहे. लॉरी शंभर मीटर अलीकडेच थांबते, पुढे पाणंद. चिरा डोक्यावरून वाहायचा तर मजुरीतच अर्धं घर जाईल. लाकडी सांगाडा, बाहेरून प्लाय, वर कौलं असं ठरलं.

याच जागेवर आधी एक लाकडी शेड होती. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याच्या बाहेरून वर सरकलं, तेव्हा तिचा दक्षिणेकडचा कोपरा उचलला गेला. मास्तर सांगतात, पत्रे आधी उडाले नाहीत. आधी खांब चिऱ्यातल्या खोबणीतून वर आला, "दाढ निघते तसा", आणि मग बाकीचं गेलं. ती खोबण अजून जागेवर आहे. आत ना खिळा, ना पट्टी. खांब नुसता ठेवलेला होता.

वीस वर्षं मी चिऱ्याची आणि आरसीसीची घरं बांधते आहे. तिथे भिंत उचलली जाईल असा विचारही मनात येत नाही, वजनच तिला धरून ठेवतं. इथे वजनच नाही. म्हणून ही वही कोपऱ्यांची. बाकीच्या कामाचा हिशेब वेगळ्या डायरीत आहे.

२४ ऑक्टोबर

गणित. मेस्त, म्हणजे आमचे सुतार, समोर बसले होते, म्हणून त्यांना पटेल अशा बेताने केलं.

आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात (२०१५) पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आहे. आम्ही उघड्या सड्यावर, समोर थेट समुद्र, म्हणून १.०५ ने गुणून ४१ धरला. ताशी साधारण १४८ किलोमीटर. वाऱ्याचा दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, तो चौरस मीटरला १ किलोन्यूटन, म्हणजे साधारण शंभर किलोचा भार, येतो. समोरून ढकलणं आणि मागून ओढणं मिळून १.२ धरला.

दक्षिणेचा वारा ४.८ मीटरच्या लांब भिंतीवर आदळतो. भिंतीचा वरचा अर्धा भाग आणि छपराची उंची मिळून २.४ मीटर. म्हणजे सुमारे ११.५ चौरस मीटर, आणि जोर १३.८ किलोन्यूटन. हा जोर लांब भिंत स्वतः झेलत नाही. तो छपराच्या पातळीवरून पूर्व-पश्चिमेच्या दोन आखूड भिंतींकडे जातो, प्रत्येकीला ६.९. कुणी कपाटाच्या वरच्या कडेला आडवं ढकललं, तर कपाट एका पायावर उभं राहतं आणि दुसरा पाय उचलतो. आखूड भिंतीचं तसंच होतं. ढकललेल्या बाजूचं टोक वर जाऊ बघतं.

पूर्वेची भिंत सलग आहे. उंची २.४४ मीटर, लांबी साडेतीनच्या आसपास. तिथे टोकाला ४.९ किलोन्यूटन येतात, म्हणजे पाचशे किलोच्या आत. पश्चिमेला मात्र मास्तरांना समुद्र दिसायला मधोमध १.२ मीटरचं दार हवं. मग भिंत उरते ती दोन्ही बाजूंना १.२ मीटरचे दोन तुकडे. प्रत्येकावर ३.४५ किलोन्यूटन, उंचीने गुणून ८.४, आणि दोन टोकांच्या खांबांमधलं अंतर १.०५ मीटर, त्याने भागलं तर ८. एका टोकाला आठशे किलो, वरच्या दिशेने.

मेस्तांनी विडी विझवली आणि म्हणाले, "गे बाय, घर काय पतंग आसा?"

छपराचं वजन वजा करावं का? कौलांचं छप्पर चौरस मीटरला साठ-सत्तर किलो भरतं, पण त्याच वाऱ्यात छपरावर वरचं खेचणंही असतं. दोन्ही जवळपास एकमेकांना खातात. म्हणून छपराचं वजन जमेला धरलं नाही. भिंतीचं स्वतःचं वजन इतकं किरकोळ की तेही सोडून दिलं.

भूकंप? २०१६ च्या संहितेत गोवा तिसऱ्या विभागात आहे, पण भूकंपाचा जोर वस्तुमानावर ठरतो आणि आमचं घर हलकं. इथे वाराच भारी पडतो.

३१ ऑक्टोबर

काम बंद. रात्रभर नरकासुर, पहाटे दहन, दुपारपर्यंत एकही माणूस जागा नाही.

६ नोव्हेंबर

कोपऱ्यांचे खड्डे मीटरभर गेले. खाली कडक जांभा लागला, पहार वाजते.

गवंड्याचं म्हणणं असं की एवढा खड्डा कशाला, चिऱ्याचा चौथरा करू, त्यात भोक पाडून फास्टनर ठोकू, ग्रिलचे ठोकतो तसे. वाद घालण्यापेक्षा करून दाखवलं. पडलेल्या चिऱ्यात १२ मि.मी.चा एक्स्पान्शन बोल्ट बसवला आणि पान्याने आवळत गेले. सहाव्या-सातव्या फेऱ्याला पाना हलका पडला. बोल्ट फिरत होता आणि भोकातून लाल भुकटी येत होती, मिरचीच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखी. अजून दोन फेरे, आणि बोल्ट बोटांनी बाहेर. चिरा दाबाला चांगला, ओढीला मुळीच नाही. त्यात पोकळ्या असतात, आणि फुगणाऱ्या बोल्टला धरायला भोवती कडक काही लागतं. गवंड्याने तो चिरा उचलून बाजूला ठेवला आणि काही बोलला नाही.

ठरलं ते असं. प्रत्येक कोपऱ्यात ७५० बाय ७५० आणि २५० मि.मी. जाडीची काँक्रीटची बैठक. तिच्यावर २३० चा आखूड खांब, वर सगळीकडून फिरणारा २३० बाय ३०० चा बीम. बैठकीचं वजन साडेतीन किलोन्यूटन, तिच्यावरच्या कुटून भरलेल्या मातीचं सातच्या आसपास, खांबाचं एक, आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर बीमचं पाच. एकूण साडेसोळा. आठाच्या दुप्पट. माती कुटून भरली तरच हे सात किलोन्यूटन खरे, नुसती ढकलून दिली तर नाहीत. म्हणून धुमस मी स्वतः उभं राहून मारून घेणार.

१४ नोव्हेंबर

आज भांडण झालं, पण कामाचं.

सळ्या बांधणाऱ्या बारबेंडरने पश्चिमेच्या दारापाशी बीम तोडला होता. "उंबऱ्याखाली बीम कशाला, भिंतच नाही तिथे." उंबरा खाली बसेल, मास्तरांना पाय उचलावा लागणार नाही, हा त्याचा विचार चांगलाच होता. पण दाराखालीच बीमला सगळ्यात जास्त काम आहे. दक्षिणेच्या वाऱ्यात दक्षिणेकडचा तुकडा दाराजवळच्या टोकाला खाली दाबतो, आणि दाराच्या पलीकडचा तुकडा त्याच वेळी दाराजवळच्या टोकाला वर ओढतो. आठशे किलो खाली, मीटर-सव्वा मीटरवर आठशे किलो वर. मधला बीम हे दोन्ही एकमेकांना देतो. तो तोडला तर दाराजवळच्या बोल्टाला धरायला उरतं काय? खाली बैठकही नाही तिथे.

सळ्या सलग टाकायला लावल्या, वर दोन आणि खाली दोन १२ च्या, दारापाशी रिंगा १०० मि.मी.वर. उंबरा खाली बसवण्यासाठी बाहेरची पायरी वाढवली. बारबेंडर संध्याकाळपर्यंत फुरंगटून होता. चहाला आला.

२२ नोव्हेंबर

शुक्रवार, म्हणजे म्हापशाचा बाजार, म्हणजे गाडी लावायला जागा नाही.

भिंतींची टोकं काँक्रीटला धरून ठेवणाऱ्या बोल्टच्या जागा एकूण दहा: चार कोपरे, पश्चिमेच्या दाराच्या दोन बाजू, आणि लांब भिंतींमध्ये खिडक्यांच्या शेजारी चार. कोपऱ्यावर दोन भिंती मिळतात, तिथे एकच बोल्ट दोघींचं काम करतो, कारण वारा एका वेळी एकाच बाजूने येतो. त्यासाठी कोपऱ्यातले खांब मात्र एकमेकांना पक्के शिवलेले हवेत.

बोल्ट म्हणजे १६ मि.मी.ची सळी, पूर्ण लांबीची आटेदार. ताकदीला साध्या लोखंडाचीही पुरली असती, आठशे किलो तिला फार नाहीत. पण समुद्र समोर आहे. झिंक चढवलेले स्क्रू इथे एका पावसाळ्यात तांबडे होतात, आणि सळी एकदा काँक्रीटमध्ये गेली की बदलता येत नाही. शिवाय आमचं पाइन तांब्याच्या औषधात मुरवलेलं आहे, ते ओलं झालं की साध्या गॅल्व्हनाइजवर अजून वाईट वागतं. म्हणून स्टेनलेस, आणि त्यातही ३१६ प्रतीचं.

पहिल्या दुकानात ३१६ म्हणून दिलं आणि वर चुंबक लावून दाखवलं, "बघा, चिकटत नाही." ३०४ प्रतीचंही चिकटत नाही. फरक मॉलिब्डेनमचा, तो चुंबकाला काय कळणार! तपासायचं द्रव पिशवीत होतं, थेंब टाकला, रंग काही बदलला नाही. परत केलं. दुसऱ्या ठिकाणी बदलला.

खालच्या टोकाला वाकवलेला आकडा नको. ओढ आली की आकडा सरळ व्हायला बघतो. सळीच्या खाली ७५ बाय ७५ ची १० मि.मी. जाड पट्टी, तिच्या वर-खाली नट. कोपऱ्यांत ४०० मि.मी. खोल, म्हणजे बीम ओलांडून खांबाच्या सळ्यांमध्ये. मधल्या सहा जागी बीमच्या खालच्या सळ्यांपर्यंत.

२९ नोव्हेंबर

काँक्रीट पडलं. एम २० प्रतीचं, डोक्यावरून, सकाळी सहा ते दुपारी अडीच. सळ्या जागेवर राहाव्यात म्हणून प्लायचे फर्मे केले होते. मुंग्या लागल्यासारखी रांग. सगळं छान.

३० नोव्हेंबर

सगळं छान नाही.

ईशान्य कोपऱ्यातली सळी भिंतीच्या दिशेने ४५ मि.मी. आत सरकली आहे. ओळंब्यात उभी आहे, पण चुकीच्या जागी. दोष माझा. फर्मा सहा मि.मी. प्लायचा केला आणि दोन खिळ्यांवर अडकवला, व्हायब्रेटरची नळी लागली असणार. बारा मि.मी. प्लाय आणि चार बाजूंना आधार हवा होता. उरलेल्या नऊ सळ्या तीन-चार मि.मी.च्या आत आहेत.

गवंडी लगेच पाइप घेऊन आला. "वाकवतो, पाच मिनिटं." नाही म्हटलं. वाकवलेली सळी ओढ आली की आधी सरळ होते आणि मग धरते. तेवढ्यात भिंत दोन बोटं वर गेलेली असते. तापवून वाकवणं तर स्टेनलेसला अजून वाईट. दुसरी सळी भोक पाडून केमिकलने बसवावी, तर कोपऱ्यात काँक्रीटची कड इतकी जवळ की कडच फुटून निघेल.

रात्री सुचलं ते सोपं निघालं. सळीकडे खांब न्यायचा. कोपऱ्यातल्या खांबाला आतून ४५ जाडीची अजून एक उभी पट्टी जोडायची आणि खांब सळीला जोडणारं ब्रॅकेट त्या पट्टीच्या तोंडावर बसवायचं. आपण लाकडाचं घर बांधतो आहोत, लाकूड वाढवता येतं. ही सळी आखूड भिंतीच्या रेषेत सरकली, आणि ती भिंत सलग पूर्वेची, जोर पाचशेचाच. पश्चिमेला हेच झालं असतं तर १.०५ चं १.००५ होऊन आठशेचे ८३६ झाले असते, तेही चाललं असतं. पट्टी मूळ खांबाला स्क्रूने इतकी शिवायची की पूर्ण ओढ त्या जोडातून जाईल, ही एकच अट.

१२ डिसेंबर

लाकूड आलं. ओलाव्याचं मीटर टोचलं, १९ ते २४ टक्के. व्यापाऱ्याच्या मते वाळलेलं आहे. मांडवाखाली रिपा घालून रचलं. तीन आठवडे कुणी हात लावायचा नाही. भाईंना घाई आहे, मला नाही.

मेस्तांनी पायपट्टीखाली, म्हणजे भिंतीच्या तळाच्या आडव्या लाकडाखाली, काय घालणार ते विचारलं. बीमवर डांबरी फेल्टची पट्टी, आणि चौथऱ्याभोवती वाळवीचं औषध. सातेरी देवीचं रोयण (वारूळ) देवळात बरं, घराच्या कोपऱ्यात नको, असं म्हणून हात जोडले त्यांनी, आणि कोणत्या दिशेने जोडले ते माझ्या लक्षात आलं. त्यांचं देऊळ त्या बाजूला आहे.

४ जानेवारी २०२५

आजचा दिवस वर्कशॉपमध्ये, आणि या कामातला सगळ्यात शिकवणारा.

ब्रॅकेट अमेरिकेत दुकानात तयार मिळतात, इथे करून घ्यावी लागतात. सहा मि.मी. पत्र्याची एल आकाराची, खाली सळीसाठी भोक, उभ्या बाजूला १२ मि.मी.चे दोन बोल्ट खांबातून आरपार. दोन आडव्या फासळ्या वेल्ड केलेल्या, म्हणजे खालचा पाय वाकू नये. मेस्तांनी तिचं नाव दावं ठेवलं. सळी म्हणजे खुंटा, ब्रॅकेट म्हणजे दावं, घर म्हणजे म्हैस. आता सगळे तेच म्हणतात.

खांबाच्या तुकड्याला दावं लावून वर्कशॉपच्या गर्डरला चेनपुली आणि मध्ये दोन टनी लोंबता काटा लावला. साखळी ओढायला मुलगा, आकडे वाचायला मी. पाचशे, काही नाही. आठशे, काही नाही. हजाराला लाकूड कुरकुरलं. अकराशे पन्नासच्या आसपास चट् असा आवाज झाला. फार मोठा नाही, ओली फांदी मोडावी तसा. काटा एकदम तीनशेवर.

खाली उतरवून पाहिलं. बोल्ट जसाच्या तसा, पत्रा जसाच्या तसा. खालच्या बोल्टपासून खांबाच्या टोकापर्यंत सरळ रेघ, रेषेच्या दिशेने चीर, आत पांढरंशुभ्र लाकूड. बोल्टाने लाकूड चिरलं होतं, कोयत्याने वेळू फाडतात तसं. वर्कशॉपवाल्याने खालचं भोक टोकापासून ५० मि.मी.वर पाडलं होतं. ओढीत बोल्टाच्या व्यासाच्या सातपट तरी अंतर लागतं, सात गुणिले बारा, ८४. माझ्या चित्रात १०० होतं. त्याने पत्रा वाचवायला ब्रॅकेट आखूड केलं, आणि मी भोक पाडायच्या आधी पाहिलं नाही.

आठशेची गरज आणि अकराशे पन्नासला फुटलं, मग चालेल की, असं तो म्हणाला. चालत नाही. एक तुकडा अकराशेला फुटला म्हणजे पुढचा सातशेला फुटू शकतो. लाकडात गाठ असते, रेष तिरकी असते. नव्या दाव्यांत पहिला बोल्ट १०० वर, आणि दोनऐवजी तीन बोल्ट. संध्याकाळी नवं ओढून पाहिलं. सोळाशेपर्यंत नेलं, तिथे माझीच हिंमत संपली. दावं तीनेक मि.मी. पुढे झुकलं होतं, कारण सळी खांबाच्या मध्यात नसून तोंडापासून चार सेंटिमीटर बाहेर आहे, ओढ थोडी तिरकी पडणारच. लाकूड शाबूत.

अजून एक. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या सळीवर जोरात फिरवला तर तो जाम होतो, वेल्ड केल्यासारखा. चाचणीच्या सळीवर झालाच. काँक्रीटमधल्या सळीवर झाला असता तर! जाम न होण्याचं ग्रीस घेतलं, आणि नट हाताने, हळू.

२० जानेवारी

सांगाडा उभा. ओलावा आता २० च्या आसपास.

प्लायची एक शीट १२२० बाय २४४०, म्हणून भिंतीची उंची सुरुवातीलाच २.४४ धरली होती. पश्चिमेचा एकेक तुकडा म्हणजे एकेक अख्खी शीट, खालच्या पायपट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत, मध्ये जोड नाही. शीट पायपट्टीला न पोचता वर थांबली तर सगळ्या दाव्यांचा उपयोग शून्य, कारण जोर पायपट्टीत उतरतो तो प्लायच्या खिळ्यांतून.

खिळे अडीच इंची, दहा गेज, कडेला १०० मि.मी.वर, मध्ये ३०० वर. कडेपासून दहा मि.मी. आत. स्क्रू का नाही, असं भाईंनी विचारलं. साधे काळे ड्रायवॉल स्क्रू कडक असतात, वळायच्या आत तुटतात. खिळा वाकतो, पुन्हा सरळ होतो, वारा दोन्हीकडून येतो तेव्हा हेच हवं असतं.

दुपारी मुलांनी भाड्याची खिळेबंदूक आणली. वेग बघून मीही खूश. चारला जवळ जाऊन पाहिलं तर खिळ्यांची डोकी प्लायच्या पहिल्या थरात बुडालेली, नखाने चाचपता येतील अशी. हवा जास्त होती. वरचा थर फाटला की तो खिळा अर्ध्या जाडीवरच लोंबतो. दाब कमी केला आणि बुडालेल्या प्रत्येक खिळ्याशेजारी एक हाताने ठोकायला लावला. एकशे चाळीसच्या वर भरले. मुलांनी मनात मला काय काय म्हटलं असेल.

८ फेब्रुवारी

दावी बसवली. दाव्याचा पाय पायपट्टीला टेकवला नाही, इंचभर वर ठेवला. नट हाताने घट्ट, मग पान्याने अर्धा फेरा. जास्त आवळलं तर जोर सगळा लाकूड दाबण्यात जातो.

ईशान्येला जोडलेली ४५ ची पट्टी बारा स्क्रूंनी शिवली. बाहेरून पाहून कुणाला काही कळणार नाही. मला कळतं.

भिंत घसरू नये म्हणूनचे बोल्ट वेगळे, १२ मि.मी.चे, प्रत्येक तुकड्याला दोन. त्यांना वायसर मोठे, चौकोनी. प्लाय बाहेरच्या कडेनेच वर ओढतो आणि पायपट्टी मधोमध चिरते. मोठा वायसर ती कड दाबून धरतो. गोल, छोटा वायसर नुसता लाकडात रुततो.

वरून खालपर्यंत एकदा बोट फिरवलं: वासा, वरची पट्टी, खांब, दावं, खुंटा, बीम, बैठक. वाशापासून वरच्या पट्टीपर्यंतचा जोड मेस्तांनी दोन तिरक्या खिळ्यांवर सोडला होता. तिथे पट्ट्या मारल्या. खाली एवढा खर्च करून वर सुतळी बांधल्यासारखं झालं असतं.

१४ मार्च

शिगमो. पाच दिवस कुणी येणार नाही. कौलं निम्मी चढली आहेत.

२ एप्रिल

उन्हाने लाकूड १२ टक्क्यांवर आलं. सगळे नट तपासले. दहापैकी आठ सैल, प्रत्येकी साधारण अर्धा फेरा.

आधी धस्स झालं, मग हिशेब केला. पायपट्टी ४५ मि.मी. जाडीची. लाकूड आडव्या रेषेत ओलाव्याच्या दर टक्क्याला पाव टक्का आकसतं असं धरलं, तर आठ टक्क्यांत दोन टक्के, म्हणजे ०.९ मि.मी. सोळाच्या सळीचे आटे २ मि.मी.वर असतात, अर्धा फेरा म्हणजे १ मि.मी. पायपट्टी आकसली, खांब तेवढा खाली बसला, सळी होती तिथेच राहिली, नट मोकळा. कागदावरचं आणि पान्यावरचं इतकं जुळलेलं मी क्वचित पाहिलं आहे.

खाली एक मि.मी. म्हणजे भिंतीच्या माथ्याला सव्वादोन. एवढ्याने घर पडत नाही, पण प्लायच्या खिळ्यांना तेवढं आधी वाकावं लागतं. सगळे आवळले. दाव्यांसमोर आतल्या फळीत छोटी झडप ठेवली आहे, पुढच्या वर्षी फळी फोडावी लागू नये म्हणून. मास्तरांना ती दाखवली. ते म्हणाले, पेटीचे स्वर दरवर्षी लावावे लागतात, मग याचं काय विशेष.

२६ मे

पाऊस लवकर आला. केरळात २४ ला, आपल्याकडे २५ ला. त्याच दिवसांत कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरीच्या बाजूला किनाऱ्याला लागलं. सड्यावर दोन रात्री नुसता घोंघाट. मालकांच्या घराजवळ एक काजू आडवा, वीज दीड दिवस नाही.

मी २५ च्या संध्याकाळी खोलीत जाऊन बसले. दक्षिणेच्या भिंतीला पाठ लावून. प्रत्येक झोताबरोबर प्लाय किंचित आत यायचा, श्वास घेतल्यासारखा, आणि छपरात कौलं एकमेकांवर कुरकुरायची. पश्चिमेच्या दाराजवळच्या खांबावर, बीमपासून दोन बोटं वर, पेन्सिलची रेघ मारून खाली बीमवर दुसरी मारली होती. टॉर्च लावून तासभर बघत राहिले. दोन रेघांमधलं अंतर पट्टीवर बदललं नाही.

यावरून फार काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. आपण १४८ धरून बांधलं, हा वारा त्याच्या जवळपासही नव्हता. भाईंनी मात्र सगळीकडे सांगून टाकलं.

८ जून

झडपा उघडल्या. ओलावा १७, लाकूड परत फुगलं आहे. नट घट्ट. दोन तर पान्यालाही हलेनात, ते तसेच ठेवले. ईशान्येच्या झडपेत एक पाल होती. वायव्येच्या दाव्याच्या वेल्डवर तपकिरी डाग दिसतो, दहा पैशाच्या नाण्याएवढा. वेल्डिंगनंतर तिथे आम्ल लावून साफ करायचं राहिलं असावं. पुसला, फोटो काढला. पाऊस थांबला की पेस्ट घेऊन यायचं.